देवडी रिकामी आहे

“ही शेगडी कोण पेटवतं?” बाईनं विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

“दिसतंच आहे,” असं म्हणून तिनं हातातलं गाठोडं भिंतीशी ठेवलं, गुडघ्यावर बसली आणि माझ्या देवडीत, माझ्या देखत, माझ्याच चिमट्यानं माझे निखारे उपसायला लागली.

पार्लमेंटच्या दाराशी नोकरीला लागून मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत मला शिव्या देणारे भेटले होते, ढकलणारे भेटले होते, एकानं तर अंगावर टोपी फेकून मारली होती. पण माझी शेगडी नीट लावून देणारं कुणी भेटलं नव्हतं. तिनं राख खाली झटकली, मोठे कोळसे कडेनं रचले, बारीक मधे घातले आणि वाऱ्यासाठी एका बाजूला बोटभर फट ठेवली. थोड्या वेळात धूर थांबला. नऊ वर्षं मी त्या धुराला वेस्टमिन्स्टरची हवा समजत होतो.

“बाळंतिणीच्या खोलीत धूर चालत नाही,” ती उठत म्हणाली. “मी थॉमसिन ग्रिग. वेनफर्डची सुईण. आमच्या पुलाचं विधेयक घेऊन आलेय.”

आता ही देवडी म्हणजे काय ते सांगायला हवं. लंडनला, नदीकाठी, वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्यात एक प्रार्थनामंदिर होतं. त्यातली वेदी काढून तिथे बाकं मांडलेली, आणि त्या बाकांवर बसून देशभरातून निवडून आलेले सभासद कायदे करत. त्या सभागृहाच्या दाराबाहेरची चौकोनी खोली ती देवडी. देवडीतून जिना खाली उतरायचा तो मोठ्या हॉलमध्ये, तिथे हातमोजे नि रिबिनी विकणाऱ्यांची दुकानं होती. आत कायदे, खाली रिबिनी, आणि मधे मी, अँब्रोज फेनिक, दरवान. राजेसाहेब परदेशातून परत येऊन गादीवर बसल्याला दहा-बारा वर्षं झाली होती. आज मी म्हातारा झालो आहे, त्यातले बहुतेक सगळे वर गेले आहेत, म्हणून हे सांगतो आहे. तेव्हा सांगितलं असतं तर मी तुरुंगात गेलो असतो.

थॉमसिनबाई चार दिवस सामानाच्या घोडागाडीत बसून आली होती. वेनफर्ड हे गाव वेन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. पूर्वी मधे दगडी पूल होता. राजा आणि पार्लमेंट यांच्या लढाईत कुठल्यातरी पलटणीनं तो उडवला. कुठल्या ते गावात कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण दोन्ही बाजूंच्या पलटणी तिथून गेल्या होत्या आणि दोघांनीही कोंबड्या चोरल्या होत्या. तेव्हापासून नदी ओलांडायला एक होडी होती, आणि होडीचा हक्क लॉर्ड ऑर्मली यांचा. सूर्य मावळला की त्यांच्या कारभाऱ्याच्या परवानगीशिवाय होडी सुटायची नाही. पाणी चढलं की कुणाच्याच परवानगीनं सुटायची नाही.

“बायका काही सूर्य बघून बाळंत होत नाहीत,” थॉमसिनबाई म्हणाली. “मी राहते अलीकडे. पलीकडच्या काठावर या तीस वर्षांत सात जणी गेल्या. मी इकडे उभी, त्या तिकडे. मधे तुमच्या या जिन्यापासून त्या हॉलच्या टोकापर्यंत असेल एवढंच पाणी.”

ती रडली वगैरे नाही. तिनं ते अशा आवाजात सांगितलं की मलाच मान खाली घालावी लागली. माझी आणि माझ्या बायकोची, हॅनाची, दोन मुलं जन्मतानाच गेली होती, आणि आमच्या गल्लीत तर सुईण चार घरं टाकून राहत होती. ज्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून दिवसभर गेला नाही.

ती रोज यायची. सकाळी सभासद प्रार्थनेला आत जायच्या आधी हजर, आणि दुपारी सभागृह उठलं की जायची. विधेयक मांडलं होतं टिप्टन नावाच्या एका वकील सभासदानं. माणूस भला, पण बोलायला लागला की बाकांवर घोरणं सुरू व्हायचं. विरोधात होता लॉर्डसाहेबांचा पुतण्या, जास्पर ऑर्मली. तरुण, देखणा, आणि हिशेबी. कोण आपल्याकडचा, कोण पलीकडचा, कुणाच्या मेव्हण्याला नोकरी हवी आहे, हे त्याच्या तोंडपाठ असायचं.

आणि तिसरे होते सर हम्फ्री डॅकम. त्याच जिल्ह्याचे जुने सभासद, सत्तरीला टेकलेले, उंच, ताठ. त्यांची सभागृहातली जागा लॉर्ड ऑर्मलींच्या कृपेची होती, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा लॉर्डसाहेबांच्याच जंगलांवर अधिकारी होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते रोज देवडीतून जायचे, तिच्यापासून हातभर अंतरावरून, आणि एकदाही तिच्याकडे बघायचे नाहीत. इतर सभासद निदान वैतागून तरी बघायचे.

“तुमच्याच जिल्ह्याचा माणूस ना हा?” मी एकदा चिडून म्हणालो. “नाक बघा किती वर. जिन्यात अडखळून पडेल एखाद्या दिवशी.”

“त्यांना काही बोलू नका,” थॉमसिनबाई म्हणाली.

“ओळखता?”

“ओळखते.”

एवढं बोलून ती शेगडीकडे वळली. मला वाटलं, जमीनदाराची भीती असेल. गावाकडच्या माणसांना ती असतेच.

विधेयकाचा शेवटचा निकाल गुरुवारी लागायचा होता. सोमवारी तिनं मला विचारलं, “काय वाटतं तुम्हाला? होईल?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण जिनं माझी शेगडी सुधारली तिच्याशी खोटं बोलवेना.

“बाई, आमच्याकडे हात वर करून मत देत नाहीत,” मी म्हणालो. “बुडानं देतात.”

ती हसली. म्हणाली, “नीट सांगा.”

“जुनं आहे तसं राहू द्या म्हणणारे जागेवर बसून राहतात. काही नवं करा म्हणणाऱ्यांनी उठायचं आणि बाहेर, इथे या देवडीत यायचं. मग दार लावतात, आतले मोजतात. मग दार उघडतात आणि बाहेरचे एकेक करून आत शिरताना मोजतात.”

“मग त्यात वाईट काय?”

“वाईट हे, की सभासद जास्त आणि बाकं कमी. सकाळी लवकर येऊन, टोपी ठेवून धरलेली जागा. उठून बाहेर गेलं की शेजारचा पाय पसरतो, मग राहिलेला दिवस भिंतीला टेकून उभं राहायचं. त्यात ही थंडी. ज्याला तुमच्या पुलाशी काही घेणंदेणं नाही तो ऊब सोडून या गारठ्यात कशाला येईल? न उठणं म्हणजेच नाही म्हणणं. झोपलेला माणूससुद्धा आतल्यांत मोजला जातो. मी पाहिलंय, चांगली चांगली विधेयकं जानेवारीत मेली आहेत आणि तीच पुढे मे महिन्यात पास झाली आहेत.”

थॉमसिनबाईनं चिमटा उचलून निखारे सारखे केले.

“बाळंतपणाला आम्ही आधी खोली गरम करतो,” ती म्हणाली. “मग बाईला ओढून न्यावं लागत नाही. आपणहून येते.”

पुढचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण बुधवारी संध्याकाळी मी घरचा कोळसा पोत्यात भरायला लागलो तेव्हा हॅना कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

“सरकारची देवडी गरम करायला आपला कोळसा?”

मी तिला सगळं सांगितलं. सात बायकांचं ऐकल्यावर ती पोत्याचं तोंड धरून उभी राहिली.

गुरुवार उजाडला तोच नदीच्या कडेनं बर्फाची साय धरून. मी पहाटेच देवडीत पोचलो. दोन शेगड्या लावल्या, थॉमसिनबाईनं शिकवल्या होत्या तशा. खालच्या हॉलमधल्या फळवालीकडून सफरचंदं आणून निखाऱ्यांवर भाजायला ठेवली, वर दालचिनी टाकली. तो वास जिन्याखालपर्यंत गेला. आणि सभागृहाच्या आत जी शेगडी होती, तिच्यात मी ओला कोळसा भरला. नोकरीवर लागताना मी पवित्र ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली होती की दाराशी कुणाचाही पक्ष घेणार नाही. ओल्या कोळशाबद्दल शपथेत काही नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली.

सगळं ठरल्यासारखं झालं. आत सभासद कुडकुडायला लागले. दर थोड्या वेळानं कुणीतरी दार किलकिलं करून देवडीकडे बघायचं, नाक वर करून वास घ्यायचं आणि नाइलाजानं परत जायचं. टिप्टनसाहेबांचं भाषण आज कुणाला झोपवू शकलं नाही, कारण थंडीनं झोपच येत नव्हती. मी दाराच्या फटीला कान लावून उभा होतो. आता सभापती विचारतील, पूल हवा असणारे बाहेर जा म्हणतील, आणि निम्मं सभागृह माझ्या सफरचंदांकडे धावेल.

तेवढ्यात जास्पर ऑर्मली उठला.

तो विधेयकाविरुद्ध एक शब्द बोलला नाही. पूल ही फार चांगली गोष्ट आहे म्हणाला. एवढ्या चांगल्या गोष्टीचा विचार घाईनं होऊ नये, म्हणून हे विधेयक सेंट मायकेलच्या सणानंतर घ्यावं, असा त्यानं ठराव मांडला. सण सप्टेंबरअखेर. तोवर अधिवेशन संपलेलं असणार, आणि अधिवेशन संपलं की अर्धवट राहिलेलं विधेयक मेलंच.

सभापतींनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं पुस्तकाकडे. मग सभापती म्हणाले, “पुढे ढकलण्याचा ठराव ही नवी गोष्ट आहे. ज्यांना तो मान्य आहे त्यांनी बाहेर जावं. विधेयक आजच व्हावं असं म्हणणाऱ्यांनी जागेवर बसावं.”

सगळं उलटं झालं होतं. पूल हवा असणारे आता आत, माझ्या ओल्या कोळशाजवळ बसणार होते, आणि पूल नको असणारे माझ्या उबेत येणार होते. ज्यांना पुलाचं काहीच नव्हतं तेही त्यांच्यामागून येणार, ते मीच भाजलेल्या सफरचंदांसाठी. नऊ वर्षं त्या दाराशी काढलेल्या माणसाला हे सुचू नये, याची आजही लाज वाटते.

मतदानाच्या वेळी देवडीत परक्या माणसानं थांबायचं नाही असा नियम होता. मी थॉमसिनबाईला जिन्यावर जायला सांगितलं.

“कोण येताहेत बाहेर?” तिनं विचारलं.

दार उघडलं, आणि पहिल्या दहा-बारा जणांत सर हम्फ्री डॅकम दिसले. तिनं त्यांना पाहिलं आणि तिला कळलं. ती जिन्यावर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

ते आले, आणि येतच राहिले. हात चोळत, हसत, एकमेकांना कोपरानं ढकलत. एक जण मला म्हणाला, “अँब्रोज, तुला सरदार करायला हवा.” सफरचंदं दोन मिनिटांत संपली. मी दार ओढून घेतलं आणि पाठ लावून उभा राहिलो. आत मोजणी चालली होती. त्या दारामागे पूल होता, आणि तो मी माझ्या हातानं पाडला होता.

आतून दारावर काठी वाजली. मी दार उघडलं. उंबऱ्याच्या आत दोन्ही बाजूंना पांढऱ्या काठ्या घेऊन मोजणारे उभे होते, एक टिप्टन आणि एक जास्पर ऑर्मली. बाहेरचे एकेक करून आत जायला लागले. दोघं मोठ्यानं मोजत होते. चाळीस. पन्नास. पंचावन्न.

शेवटी माझं एक काम असायचं. शेवटचा माणूस आत गेला की मी देवडीत नजर फिरवायची, कुणी राहिलं असेल तर हाक मारायची, आणि मग आत तोंड करून म्हणायचं, “देवडी रिकामी आहे.” हे तीन शब्द उच्चारले की मोजणी बंद. त्यानंतर खुद्द राजाचा भाऊ जरी आला असता तरी तो मोजला गेला नसता.

साठावा माणूस कोटाला बोटं पुसत आत गेला. मी वळून पाहिलं.

सर हम्फ्री डॅकम शेगडीजवळ उभे होते.

दाराकडे अर्धवट पाठ. हातमोजे काढून काखेत धरलेले, आणि दोन्ही हात निखाऱ्यांवर. माझ्यापासून दहा पावलं. त्यांना हाक मारणं हे माझं काम होतं, माझी शपथ होती. एक साधी हाक, सर हम्फ्री, चला. मी तोंड उघडलंही.

मग मला त्यांचे हात दिसले. ते निखाऱ्यांच्या फार जवळ होते. एवढ्या जवळ कुणी हात धरत नाही, धरले तरी झटकन मागे घेतो. त्यांनी घेतले नव्हते.

मी आत तोंड केलं आणि म्हणालो, “देवडी रिकामी आहे.”

काठ्या खाली आल्या. मोजणारे मेजापाशी गेले. टिप्टनसाहेबांनी आकडे वाचले. आत एकसष्ट, बाहेरचे साठ. ठराव पडला.

“माझ्याकडे एकसष्ट होते,” जास्पर ऑर्मली म्हणाला. “एकसष्ट उठले, मी मोजलेत. बरोबरी आहे ही.” बरोबरी झाली असती तर सभापतींचं मत निर्णायक, आणि सभापती अशा वेळी नेहमी पुढे ढकलण्याच्या बाजूनं मत देत. त्यानं बाकांवरून नजर फिरवली आणि त्याला लगेच सापडलं. “सर हम्फ्री कुठे आहेत? दरवानाला पुढे बोलवा.”

मला आत नेलं. सभागृहाच्या तोंडाशी एक आडवा दांडा होता, आरोपी तिथे गुडघे टेकायचे. मी टेकले. सव्वाशे माणसं माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षं मी त्यांना पाठमोरं पाहिलं होतं, तोंडं अशी एकदम कधी पाहिली नव्हती.

“अँब्रोज फेनिक,” सभापती म्हणाले, “तू शपथेवर आहेस. देवडी रिकामी आहे असं तू सांगितलंस. ती रिकामी होती का?”

मला हॅना आठवली, पोत्याचं तोंड धरून उभी असलेली. नोकरी जाणार होती, नोकरीबरोबर घर जाणार होतं, आणि वर टॉवर नावाच्या किल्ल्यातली कोठडी. हो म्हणायला जमेना आणि नाही म्हणायलाही जमेना.

माझ्यामागे दार उघडलं. सर हम्फ्री आत आले, सावकाश, नेहमीसारखे ताठ. हातमोजे परत घातलेले होते. त्यांनी टोपी काढली.

“सभापती महाराज, दरवानाला उभं राहू द्या,” ते म्हणाले. “देवडी रिकामीच होती. मी जिन्याखाली गेलो होतो.”

“मतदान चालू असताना?” जास्पर ऑर्मलीनं विचारलं.

“मतदान थांबतं, मिस्टर ऑर्मली. सत्तर वर्षांच्या माणसाचं मूत्राशय थांबत नाही. आपणही म्हातारे व्हाल तेव्हा कळेल.”

आणि हशा उसळला. असा हशा त्या सभागृहात मी कधी ऐकला नव्हता. लोक बाकांवर हात आपटत होते. कुणीतरी ओरडलं, नदी भरून आली होती म्हणा. सर हम्फ्री टोपी हातात धरून उभे राहिले, हशा संपेपर्यंत. त्यांचे कान लाल झाले होते. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं कुणासमोर वाकलेलं पाहिलं नव्हतं तो असा उभा होता आणि पोरांच्या वयाचे सभासद त्याला हसत होते. मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जास्पर ऑर्मलीही हसला. त्याला हसावंच लागलं. माणूस स्वतःची एवढी शोभा विनाकारण करून घेईल, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

पुढचं चटकन झालं. जेवायची वेळ झाली होती, आत गारठा होता. विधेयक वाचलं, सभापतींनी विचारलं, मोठ्यानं होकार आला, मोजायची वेळच आली नाही. वेनफर्डला पूल मिळाला.

मी बाहेर आलो तेव्हा थॉमसिनबाई अजून जिन्यावरच होती. मी तिला सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसली आणि तिनं एप्रन तोंडाला लावलं. मग डोळे पुसून म्हणाली, “आत कशाला हसत होते?”

मी तेही सांगितलं. सर हम्फ्री घाईघाईनं जिन्याखाली कसे गेले होते, ते.

“जिन्यावर मी होते,” थॉमसिनबाई म्हणाली. “माझ्यासमोरून कुणी गेलं नाही.”

मी विचारलं, का केलं असेल त्यांनी? ती म्हणाली, “ते त्यांचं आहे. त्यांनाच सांगू द्या.” आणि दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन घोडागाडीत बसून गेली. जाताना शेगडीची राख झटकून गेली.

सर हम्फ्री अधिवेशनभर येत राहिले. मतदानाची वेळ आली की कुणी ना कुणी म्हणायचं, सर हम्फ्री, जिना मोकळा आहे. ते मान लववायचे. देवडीतून जाताना माझ्याकडे बघायचे नाहीत, आणि आता मला त्याचा राग येत नव्हता.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सगळे गेले आणि ते मागे राहिले. शेगडी विझत आली होती. ते तिच्यापाशी, त्याच जागी येऊन उभे राहिले.

“पुढच्या वेळी मी येणार नाही, अँब्रोज. तब्येत बरी नसते.”

“तब्येत चांगली आहे आपली,” मी म्हणालो.

ते थोडं हसले. मग निखाऱ्यांकडे बघत बोलायला लागले, मला सांगत होते की स्वतःलाच, कोण जाणे.

“माझी मुलगी वेनफर्डला दिली होती. पलीकडच्या काठावर. पंधरा वर्षांपूर्वी तिचे दिवस भरले तेव्हा मी तिच्या घरी होतो. सूर्य मावळला होता. कारभारी गावाला गेलेला, आणि त्याच्या परवानगीशिवाय होडीवाला होडी सोडेना. मी पैसे देऊ केले, धमकावलं. तो म्हणाला, साहेब, माझी भाकरी लॉर्डसाहेबांची आहे. मी त्याला काय म्हणणार? माझीही त्यांचीच होती.” ते थांबले. “थॉमसिन ग्रिगला अलीकडे निरोप कळला होता. ती काठावर येऊन होडीला हाका मारत होती. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो, अँब्रोज. उजाडेपर्यंत ती हाका मारत होती. मला एकेक हाक ऐकू येत होती, आणि माझ्या मुलीलाही.”

मी चिमट्यानं राख बाजूला केली.

“पुढे ढकला म्हणणाऱ्यांबरोबर उठणं मला भाग होतं. मुलाची भाकरी आहे. उठलो, बाहेर आलो, आणि इथे उभा राहिलो. मी काही ठरवलं नव्हतं. आपल्या बळावर मला ते झालंही नसतं. मी वाट बघत होतो, तू हाक मारशील म्हणून. एक हाक मारली असतीस तर मी मुकाट्यानं आत गेलो असतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू मारली नाहीस.”

मग त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला आणि हात पुढे केला. सर लोक दरवानाशी हात मिळवत नाहीत. मी तो हातात घेतला. तळव्याची कातडी गुळगुळीत आणि ताणलेली होती, जुन्या भाजल्यासारखी.

ते दोन वर्षांनी गेले. पुलाच्या तेव्हा तीनच कमानी उभ्या राहिल्या होत्या.

मी नोकरी सोडल्यावर, हॅना आणि मी एकदा वेनफर्डला गेलो. थॉमसिनबाईही गेलेली होती, तिची भाची ते काम करत होती. संध्याकाळी आम्ही पुलाच्या कठड्यापाशी बसलो. सूर्य मावळला. खाली पाणी भरून चाललं होतं. अंधार पडायला लागला तशी एक बाई हातात कंदील नि काखेत गाठोडं घेऊन अलीकडून आली, आम्हाला वाट द्या म्हणाली आणि पुलावरून पलीकडे गेली. हॅनानं माझा हात घट्ट धरला. आम्ही कंदील दिसेनासा होईपर्यंत बघत बसलो. दोन्ही काठांवर कुणीही कुणाला हाक मारत नव्हतं.